फॉर्मवरचं 'नाही'

दवाखान्याच्या फॉर्मवर 'गरोदरपणात काही त्रास?' या प्रश्नापुढे तिने तीस वर्षांच्या सवयीने 'नाही' लिहिलं आणि प्रश्न पुन्हा वाचला... गाठ छातीत, मग चौकशी तेव्हाच्या पोटाची कशाला? शेजारी लेक पर्स मांडीवर धरून परक्यासारखी बसली होती.

जन्मताच आईने आपल्याला चार महिने मावशीकडे टाकलं आणि स्वतः शिवणाच्या ऑर्डरी पुऱ्या केल्या, ही लेकीची अढी. खरं तर रक्तदाब भडकून आईला झटके आले होते, आठव्या महिन्यातच बाळ काढावं लागलं होतं, आणि ती अंथरुणाला खिळली होती. पण "पोर आईच्या मुळावर आली," असं सासूबाई बोलल्या, तेव्हाच तिने ठरवलं, हे पोरीच्या कानी पडू द्यायचं नाही! बहिणीला तिने गप्प राहायची शपथ घातली, ऑर्डरींचं खोटं रचलं आणि लेकीचे टोमणे मुकाट गिळले.

आत डॉक्टरीणबाईंनी लेकीसमोरच तोच प्रश्न तोंडी विचारला, तेव्हा मात्र खोटं ओठांवर येईना. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे ही गाठ माझ्यामुळे?"

तसं मुळीच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अशा त्रासांचा पुढच्या कर्करोगाशी काय संबंध, याचा अजून अभ्यास चालू आहे. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या बायकांत हा धोका उलट थोडा कमीच दिसला, असं काही अभ्यास सांगतात, बाकी त्रासांचं चित्र स्पष्ट नाही, आणि एकाच बाईबद्दल तर काहीच ठामपणे सांगता येत नाही. आईच्या व्याकुळ मनात सगळा गुंता झाला. जे दुखणं जिवावर उठलं, त्यानेच राखण केली म्हणायची? मग ही गाठ आली कुठून? आणि इतकी वर्षं आपण नेमकं कुणाला वाचवत होतो...

"मावशीकडच्या फोटोंत माझे कपडे एवढे ढगळ का?" लेकीने हळूच विचारलं. "मला वाटायचं, कुणाचे तरी जुने असतील."

"मीच शिवायचे, पडल्या पडल्या, हाताने. तुझं माप कुठे होतं माझ्याकडे? तू किती वाढली असशील, याचा अंदाजच यायचा नाही."

लेकीने पेन घेतलं, 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, आणि 'कधी?' या रकान्यात स्वतःची जन्मतारीख घातली. मग तपासणीसाठी हाक आली, तेव्हा आईचा हात धरून तीही उठली.