कोमुगीचे पाय

मी बागेतल्या पालापाचोळ्यात पोटावर आडवी पडले होते, एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला… आणि एक अनोळखी माणूस माझ्या कोमुगीला केसांना धरून घेऊन चालला होता.

कोमुगी म्हणजे माझी बाहुली. वीतभर उंच, गव्हाळ, कंपनीने कधीच बनवायची बंद केलेली फॅशन बाहुली. तिच्यासाठी मी किती वर्षं वाट पाहिली ते सांगत नाही, लोक हसतात. आम्हा बाहुलीवाल्यांत बाहुली ‘विकत घेतली’ म्हणत नाहीत, ‘घरी आली’ म्हणतात. आणि दुसऱ्याच्या बाहुलीला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावत नाहीत. केसांना धरून उचलणं म्हणजे तर… जाऊ दे.

मी तशीच धावले. गुडघ्यांना चिखल, केसांत मेपलची पानं. आमच्या कानाझावा शहरातली ती सगळी बाग माझ्याकडे बघत होती. माळी पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून त्यांना दोऱ्या बांधत होते, तेसुद्धा शिडीवर थांबले.

“अहो, तिला कुठे नेताय?”

तो माणूस थांबला. उंच, जरासा पोक काढून चालणारा, चेहरा अगदी सज्जन. मला अशा सज्जन चेहऱ्यांचाच राग येतो, त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

“दगडावर पडली होती,” तो म्हणाला. “चौकीत देतो. कुणीतरी लहान मुलगी रडत असेल बिचारी.”

“ती लहान मुलगी मीच. अजून रडत नाहीये, पण तुम्ही तिचे केस सोडले नाहीत तर रडेन.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या चिखलाच्या कोपरांकडे, गळ्यातल्या लांबलचक लेन्सकडे. मग तो कमरेत इतका वाकला की मला वाटलं आता उठतच नाही. कोमुगी त्याने मला दोन्ही हातांनी दिली, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तशी. इथपर्यंत ठीक होतं. मी माफही केलं असतं. पण जाता जाता स्वारी म्हणते कशी, “कोटाची कॉलर मात्र उलटी बसलीय.”

ती कॉलर मी स्वतः शिवली होती. तीनदा उसवून.

त्याचं नाव शूहेइ ओकिता. नदीकाठच्या रंगशाळेत तो रेशीम रंगवायचा, त्यामुळे त्याची नखं कायमची निळी. उरलेल्या चिंध्यांतून छोट्या वस्तू शिवायचा त्याला नाद होता, आणि कोमुगीला पाहिल्यापासून, त्याच्याच शब्दांत, त्याचे हात शिवशिवत होते. हे सगळं त्याने मला बागेबाहेरच्या चहाच्या दुकानात सांगितलं. मी तिथे का गेले ते मला विचारू नका. बाहेर गारांसारखा पाऊस लागला होता आणि छत्री त्याच्याकडे होती. आमच्या गावात म्हणतात, एक वेळ डबा विसर पण छत्री विसरू नकोस. मी त्या दिवशी दोन्ही विसरले होते.

मग दर रविवारी आम्ही भेटू लागलो. मापं घ्यायला, असं आम्ही म्हणायचो. वीतभर बाहुलीची मापं घ्यायला एक रविवार पुरतो, हे दोघांनाही कळत होतं. तो कोमुगीच्या खांद्याला फीत लावण्याआधी दर वेळी माझ्याकडे बघून विचारायचा, “लावू का हात?” आणि मी उगाचच कपातल्या चहाकडे बघत “लावा की” म्हणायचे. माझे कान तापायचे. बाहुलीच्या मापाला कान तापतात का कधी कुणाचे?

एकदा त्याने विचारलं, “मियोशी-सान, तुम्ही फोटो काढताना श्वास का रोखता?”

“कॅमेरा हलू नये म्हणून.”

“मग आत्ता का रोखलाय? आत्ता तर मी शिवतोय…”

मी त्याला बिस्किटं पुढे केली, म्हणजे तोंड बंद राहील. राहिलं नाही.

यंदा आमच्या बाहुलीवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन फेब्रुवारीअखेर होतं, आणि पहिल्यांदाच मला एक अख्खी भिंत मिळाली होती. मंडळाच्या कर्त्या कायानो-सान. सत्तरीच्या, बोलायला गोड आणि शिस्तीला खडूस. त्यांच्या अटी दोनच. बाहुली डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे आणि फोटोवर संगणकाची जादू अजिबात नको. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावते. तिथे मला कुणी बघत नाही, सगळे माझ्यामागच्या तक्त्याकडे बघतात. ती भिंत मला हवी होती. खूप हवी होती.

म्हणून मी कोमुगीला त्याच्याकडे ठेवायला दिलं. भिंतीसाठी तो तिला गडद निळ्या रेशमाचा पायघोळ झगा शिवत होता, वर पांढऱ्या अस्तराचा, खाली पायांबरोबर घट्ट बसणारा.

पुढच्या रविवारी त्याने पेटी उघडली. झगा… काय सांगू, पाण्यासारखा होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, आता जरा काढून बघू, आतली शिवण बघू. काढला. आणि कोमुगीचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत निळे.

आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल, बाहुलीला गडद कपडा घालायचा तर आत पांढरे मोजे घालायचे, आणि फोटो झाला की लगेच उतरवायचा. कपडा कोरडा असला तरी रंग हळूहळू प्लास्टिकमध्ये उतरतो आणि आतच मुरतो. आणि या माणसाने, मला तयार दिसावी म्हणून, तिला आठवडाभर तो झगा घालून पेटीत ठेवलं होतं.

“मी रंग पक्का केला होता,” तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. “तीन पाण्यांतून काढलं. वाफ दिली.”

“माणसाच्या अंगाला नाही लागणार. प्लास्टिकला लागतो.”

“मला माहीत नव्हतं.”

“रंगारी ना तुम्ही? सगळं आयुष्य रंगात बुडालंय, आणि रंग लागतो हेच माहीत नाही?”

चहाच्या दुकानातले लोक वळून बघू लागले. बघू देत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी कोमुगीचे पाय मांडीच्या सांध्यातून काढले (ते निघतात, घाबरू नका) आणि त्याच्या हातात ठेवले. म्हटलं, यावर एकच उपाय आहे. मुरुमांवर लावायचं मलम चोपडायचं, वरून स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. सावलीत नाही, दिव्याखाली नाही, उन्हात. डाग गेले की कळवा. तोवर मला तोंड दाखवू नका.

आणि हे मी बोलत होते कुठे, तर कानाझावात, डिसेंबरात. आमच्याकडे ऊन त्या सुमारास जातं ते एकदम मार्चमध्ये परत येतं. मधे नुसता गडगडाट, चिखल आणि बर्फ. मला हे माहीत होतं. रागाच्या भरात माणूस असंच काहीतरी मागतो.

रविवार मोकळे झाले. चहाच्या दुकानासमोरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. कोमुगीला कमरेवर शाल गुंडाळून कपाटात बसवलं होतं, ती माझ्याकडे बघायची नाही, असं मला उगाच वाटायचं. आणि राग पायांचा होता की रविवारांचा, तेही धड कळेना.

जानेवारीत एका रविवारी फोन वाजला. त्याचा संदेश. शब्द एकही नाही, नुसता फोटो. समुद्रकाठच्या दगडी कठड्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन पाय, आणि त्यांच्यावर लख्ख, पिवळं, खरंखुरं ऊन.

फोटो भयंकर होता. क्षितिज तिरकं, अर्ध्या चित्रात अंगठा. मी खवळून लिहिलं, ‘अंगठा काढा.’

पुढच्या रविवारी अंगठा नव्हता. क्षितिज मात्र तसंच कललेलं. ‘समुद्र सांडतोय,’ मी लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी समुद्र सरळ होता, पण पाय मध्यभागी, पासपोर्टच्या फोटोसारखे. मी अर्धं पान भरून सूचना पाठवल्या. तो दर वेळी एवढंच लिहायचा, ‘समजलं. पुढच्या रविवारी नीट काढतो.’ आणि मी, जिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, शनिवारी रात्रीच फोन चार्ज करून ठेवू लागले.

मग एकदा फोटोच्या कोपऱ्यात संत्र्यांनी लगडलेलं झाड दिसलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बाजूच्या समुद्रावर कुठली आलीत संत्री?

‘कुठे आहात तुम्ही?’

‘गामागोरीला.’

मी कपाळाला हात लावला. गामागोरी म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या बाजूचा समुद्र. दोनदा गाडी बदलायची, जाण्यायेण्यात अख्खा रविवार खलास. दोन पाय उन्हात ठेवायला हा माणूस सुट्टीच्या एकुलत्या एका दिवशी डोंगर ओलांडून जात होता. ‘वेड लागलंय का?’ असं लिहून मी पुसलं. ‘मलम संपलं का?’ असं लिहून तेही पुसलं. शेवटी लिहिलं, ‘पुढच्या रविवारी मी येतेय. फोटो मीच काढीन.’

त्याचं उत्तर आलं, ‘उन्हाची टोपी आणा.’

गाडीत तो माझ्यासमोर बसला. चेहरा उन्हाने रापलेला, नाक सोललेलं. भर हिवाळ्यात कानाझावात असा दुसरा माणूस सापडायचा नाही. खिडकीबाहेर नुसता बर्फ होता. मग बोगदा आला, आणि पलीकडे आकाश निळंभोर. त्याने मला सांगितलं की पहिल्या दिवशी कठड्यावर एका आजीबाईंनी विचारलं होतं, काय वाळवताय? तो म्हणाला, पाय. आजीबाईंनी दोन पावलं मागे घेतली, नीट पाहिलं आणि त्याला संत्री आणून दिली. तेव्हापासून त्या दर रविवारी येतात आणि विचारतात, ज्यांचे पाय आहेत त्या बाईंचा राग गेला का?

“तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, अजून रागावतात. दर रविवारी.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “अर्धं पान भरून.”

कठड्यावर बसून मी गुंडाळी सोडली. डाग नव्हता. निळ्याचा लवलेशही नाही. मी खूश होऊन पिशवीतून कोमुगी काढली, पाय सांध्यात बसवले… आणि तिला उन्हात वर धरलं. धड गव्हाळ आणि पाय दुधासारखे पांढरे. डाग गेल्यावरही उन्हात ठेवत राहिलं की असं होतं, मूळ रंगच उडतो. तो परत आणता येत नाही.

“डाग कधी गेला होता?”

तो प्लास्टिकच्या कागदाची घडी घालू लागला.

“ओकिता-सान, मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. हे एका रविवारचं काम नाही. कधी गेला होता?”

“अंगठा काढा म्हणालात ना… त्याच्या पुढच्या रविवारी.”

म्हणजे समुद्र सांडत होता तेव्हाच. आगीतून फुफाट्यात घातलं होतं त्याने माझ्या कोमुगीला. दोन आठवड्यांवर प्रदर्शन, आणि हा माणूस गेलेला डाग घालवत बसला होता. मी त्याला विचारलं, का, का असं केलंत, जरा तरी अक्कल… आणि माझा आवाज चिरकला.

त्याने मान खाली घातली होती. निळ्या नखांनी तो कठड्यावरचं शेवाळ खरवडत होता.

“डाग गेला म्हणून कळवलं असतं, तर तुम्ही पाय परत मागितले असते,” तो म्हणाला. “मग रविवारी तुम्ही माझ्यावर रागावला नसता. मला… तुम्ही रागावलेल्या आवडता. न रागावलेल्याही आवडता, पण ते फार दिवसांत बघायला मिळालं नाही.”

गार वारा सुटला होता, तरी माझे कान तापले. मला त्याला त्या कठड्यावरून समुद्रात ढकलावंसं वाटत होतं आणि त्याच्या सोललेल्या नाकाला मलम लावावंसं वाटत होतं, एकाच वेळी. इतका वैताग मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

“मूर्ख आहात तुम्ही,” मी म्हटलं. “मागितले असते पाय. पण घ्यायला मीच आले असते ना!”

त्याने वर पाहिलं. सावकाश, नीट कळलं की नाही याची खात्री करत. मग तो हसला, आणि मला एकदम खाली कोमुगीकडे बघावं लागलं.

मी उठले. कोमुगीला कठड्यावर उभं केलं, तो झगा न घालता, उन्हाळी आखूड फ्रॉकमध्ये, पाय पूर्ण दिसतील अशी. म्हटलं, भिंतीवर हाच फोटो लागेल. कायानो-साननी विचारलं तर जे झालं ते सांगेन. एका माणसाला रविवार संपू द्यायचे नव्हते, म्हणून हिचे पाय असे झाले. त्यांना चाललं तर चाललं, नाही तर भिंत दुसऱ्याला द्या म्हणावं. हे बोलताना माझा आवाज जराही हलला नाही, कॅमेराही नाही.

फोटो झाल्यावर तो शेजारी येऊन बसला, हातभर अंतर ठेवून. मग अर्धा हात.

“पाय तर झाले,” मी म्हटलं. “म्हणजे पुढच्या रविवारी इथे यायचं काही कारण उरलं नाही.”

“धड राहिलंय ना,” तो म्हणाला. “पायांच्या रंगाला आणायला हवं. पण धड मोठं आहे… वेळ लागेल.”

मी त्याच्या हातातलं अर्धं संत्रं घेतलं.

“लागू दे. आणि या वेळी घाई अजिबात करायची नाही, सांगून ठेवते.”