डॉक्टर सेल्माच्या नावाने लोकमा

शुक्रवारी दुपारी कार्शियाकाच्या बाजारात लोकम्याची रांग लागली होती, आणि कढईशेजारी उभ्या असलेल्या बेरिनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

रांगेचं काही नवल नव्हतं. इझमीरमध्ये माणूस गेलं की घरचे त्याच्या नावाने लोकमा वाटतात. गाडीवाला भररस्त्यात कढई मांडतो, पिठाची कडी तेलात सोडतो, तळून पाकात बुडवतो. येणारा-जाणारा रांगेत उभा राहतो, कागदी वाटी घेतो, गेलेल्यासाठी दोन शब्द पुटपुटतो आणि बोटं चाटत आपल्या वाटेला लागतो. गेलेल्याच्या नावाची पाटी गाडीवर असते. आजच्या पाटीवर होतं : 'डॉक्टर सेल्मा अकसू यांच्या आत्म्यास.'

पंचाईत एवढीच, की डॉक्टर सेल्मा अकसू नावाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती. ती 'उत्तर बंदर' मालिकेतली. आठ वर्षं दर मंगळवारी ती पडद्यावर प्रेतं तपासायची, आणि गेल्या मंगळवारी एका भुरट्या तस्कराची गोळी लागून मेली. बेरिनच्या आईने, मुकद्देस हनुमने, दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. बिल्डिंगमधल्या बायकाही रडून मोकळ्या झाल्या, आणि मग ठरलं.

"आठ वर्षं दर आठवड्याला घरी येत होती ती," आई म्हणाली होती. "सख्खी भाची येत नाही एवढी. तिच्या नावाने लोकमा नको वाटायला?"

गाडी उभी करायची ती बेरिनच्या चष्म्याच्या दुकानासमोर, म्हणून हे लचांड बेरिनच्या गळ्यात. लोक यायचे, पाटी वाचायचे, गंभीर व्हायचे.

"वय काय होतं बाईंचं?" टोपीवाल्या एका आजोबांनी विचारलं.

"छत्तीस."

"अरेरे. मुलंबाळं?"

"नाही. लग्नच होऊ दिलं नाही त्यांनी," बेरिन म्हणाली. हे मात्र तिच्या अगदी मनातून आलं.

आजोबा मान हलवत पुढे गेले. त्यांच्या मागचा माणूस मात्र हलेना. उंच, वाऱ्याने केस विस्कटलेले, चष्म्याची एक काडी वर आणि एक खाली. त्याने पाटी वाचली. परत वाचली. हातातली वाटी तशीच राहिली.

"माफ करा... ही सेल्मा अकसू म्हणजे—"

"हो, तीच. हसायचं असेल तर हसून घ्या."

"हसत नाहीये," तो हळूच म्हणाला. "मी मारलं तिला."

लोकमावाल्याचा झारा कढईवर थांबला.

"म्हणजे लिहिलं," त्याने घाईने सांगितलं. "मी 'उत्तर बंदर' लिहितो. आम्ही चौघं आहोत, पण ती गोळी... ती माझी."

बेरिन काही बोलायच्या आत मागून आईचा हात आला आणि त्याच्या कोटाची बाही पक्की धरली. "नाव काय तुझं?"

"लेवेंत."

"चल घरी, लेवेंत. चहा पी. मला तुझ्याशी बोलायचंय."

बिचारा गेला की मुकाट्याने.

*

घरी त्याची जी उलटतपासणी झाली, ती मालिकेतल्या इन्स्पेक्टर येनेरने कुठल्या खुन्याचीही घेतली नव्हती. मुकद्देस हनुमने विचारलं, येनेरची धाकटी बहीण दुसऱ्या वर्षी माडीवर अभ्यासाला गेली, ती खाली कधी येणार? शेजारच्या नेझाहतबाईंनी विचारलं, मेलेला तस्कर किती वेळा परत येणार, आणि दर वेळी तो मेल्याची खात्री न करताच पोलीस घरी का जातात? खुन्याने शेवटी दोन मिनिटांत गुन्हा कबूल करायचा असतो, तर मग दोन तास कशाला घालवतात मेले?

लेवेंत चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याने एकही गोष्ट नाकारली नाही, आणि नेमकं तेच बेरिनला आवडलं. तिला ते आवडल्याचा जरा रागही आला.

"तुम्हाला काहीच विचारायचं नाही?" त्याने तिला विचारलं.

"येनेरच्या चष्म्याला नंबर नाही," ती म्हणाली. "काचेतून गाल आहे तसाच दिसतो. आठ वर्षं तो माणूस साध्या काचा घालून पुरावे शोधतोय."

तो हसला. चष्मा आणखी घसरला.

"आणि तो फोन," बेरिन म्हणाली. आता तिचा आवाज हलका राहिला नाही. "येनेर सेल्माला मनातलं सांगायला जातो. ती थांबते, तो म्हणतो, 'सेल्मा, मला तुला...' आणि फोन वाजतो. दर वेळी. कुठेतरी प्रेत सापडतं आणि हा धावत सुटतो. आठ वर्षं, लेवेंतसाहेब. शेवटी ती मेली, तरी त्याने सांगितलं नाही. कुणाला सुचलं हे?"

"फोन?" त्याने पेला खाली ठेवला. "फोनही माझाच."

"मग तुम्ही मेलात तर तुमच्या नावाचा लोकमा मी वाटणार नाही."

"बेरिन," आई ओरडली.

"बरोबर बोलतायत त्या," लेवेंत म्हणाला. "नटीला मालिका सोडायची होती, वाहिनी म्हणाली, मारा. आठवड्याला दोन तासांचा मजकूर लागतो, मावशी. त्यांनी एकमेकांना सांगून टाकलं, तर पुढच्या मंगळवारी दाखवायचं काय? म्हणून मग ताणायचं."

ताणायचं. हा शब्द बेरिनला बरोबर लागला. ती म्हणाली, "चष्मा द्या इकडे." दोन्ही काड्या तिने बोटांनी जरा वाकवल्या, काचा पुसल्या आणि स्वतःच त्याच्या कानांवर नीट बसवल्या. दिवसभरात ती कितीतरी लोकांना असे चष्मे घालत असे. त्यांच्या कानांना हात लागून तिची बोटं कधी गरम झाली नव्हती.

*

लेवेंतची बहीण कार्शियाकात राहायची. सेल्मा मेल्यापासून इस्तंबूलमध्ये लोकांच्या शिव्या खाऊन वैतागला, म्हणून तो दोन दिवस तोंड लपवायला आला होता. आता तो दर शुक्रवारी यायला लागला, आणि तोंड लपवायचं सोडून थेट चष्म्याच्या दुकानात यायला लागला. येताना हातात तिळाचं कडं असायचं.

"सिमित आणलंय."

"इथे त्याला गेवरेक म्हणतात."

"चव तीच ना?"

"नाही," बेरिन म्हणायची आणि मोठा तुकडा स्वतःकडे ठेवायची.

दुकान बंद झालं की दोघं खाडीच्या काठाने चालायची. वाऱ्याने तिचे केस तोंडावर यायचे, तो बघायचा आणि मग समुद्राकडे बघितल्यासारखं करायचा. ती मालिकेतल्या चुका काढायची, तो ऐकायचा. कधी कधी तिने काढलेली चूक पुढच्या मंगळवारी सुधारलेली असायची. एकदा तर येनेरची बहीण माडीवरून खाली आली. सहा वर्षं अभ्यास केल्यावर. मुकद्देस हनुमने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"एक विचारू?" एका संध्याकाळी बाकावर बसून बेरिन म्हणाली. "मालिकेतली माणसं एकमेकांकडे इतका वेळ बघत का बसतात? मागे व्हायोलिन, वारा, सगळं. बोलत का नाहीत?"

"मिनिटं भरायची असतात."

"फक्त तेवढ्यासाठी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. व्हायोलिन नव्हतं, मागे कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं.

"आत्ता किती मिनिटं भरतोयस?" तिने विचारलं. त्या दिवशी 'तुम्ही' कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही.

"ही माझी स्वतःची आहेत," तो म्हणाला.

मग तिने सांगून टाकलं. तिचं लग्न ठरलं होतं. अंगठी घातली होती. मुलगा म्हणाला, सैन्यातली नोकरी होऊ दे. मग म्हणाला, बहिणीचं होऊ दे. मग बढती, मग घर. सहा वर्षं. शेवटी तो दुसऱ्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला, आणि त्याला मात्र कशाची वाट पाहावी लागली नाही.

"त्या मालिकेला मी शिव्या घालते ना, त्यातल्या निम्म्या त्याला असतात," बेरिन म्हणाली. "मला आता कुणी ताणलेलं चालणार नाही, लेवेंत. नाही म्हटलं तर एक दिवस रडेन. 'थांब जरा' म्हटलेलं सहन होणार नाही."

त्याने तिचा हात हातात घेतला, आणि घरापर्यंत सोडला नाही.

*

उन्हाळा जवळ आला. मालिकेचं वर्ष संपत आलं. एका शुक्रवारी धक्क्यावर, इस्तंबूलला परत जायच्या आधी, लेवेंत चालता चालता थांबला. त्याचा चेहरा बघून बेरिनही थांबली.

"बेरिन," तो म्हणाला. "मला तुला..."

आणि फोन वाजला.

दोघांनीही खिशाकडे पाहिलं. त्याने उचलायला नको होता. त्याला ते माहीत होतं, तिला ते माहीत होतं, पण सवय वाईट. त्याने उचलला. "हो... हो... आणखी एक वर्ष? सेल्मा परत? ती मेली आहे हो... बरं, बोलतो."

तो वळला तेव्हा बेरिन दूर जाऊन उभी होती.

"वाहिनी होती. अजून एक वर्ष लिही म्हणतायत," तो म्हणाला. "बेरिन, एवढं एकच वर्ष. मग मी मोकळा. थांबशील ना जरा?"

तिला राग येईल असं वाटलं होतं. आलं ते रडू.

"फोन उचलला याचं काही नाही," ती म्हणाली. "पण तू 'थांब' म्हणालास. मी तुला सांगून ठेवलं होतं."

"बेरिन, ऐक ना—"

"ही मालिका माझी बघून झालीय, लेवेंत. शेवट माहीत आहे." आणि ती निघाली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गेली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढचे शुक्रवार दुकानात कुणी गेवरेक आणलं नाही. बेरिन स्वतः आणून खायची आणि अर्धं टाकून द्यायची. आई मात्र लेवेंतशी फोनवर बोलायची. मालिकेची तक्रार करायला, असं म्हणायची.

वर्षातला शेवटचा भाग लागला तेव्हा बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका मुकद्देस हनुमकडे जमल्या. येनेर सेल्माच्या थडग्यापाशी गेला. "सेल्मा," तो म्हणाला, आणि फोन वाजला. बायकांनी श्वास रोखला. येनेरने फोन वाजू दिला. वाजून वाजून तो बंद पडला, आणि मग येनेरने आठ वर्षांचं सगळं सांगितलं. नेझाहतबाई हुंदके देऊन रडल्या.

"मेलेल्या बाईला सांगणं सोपं असतं," बेरिन म्हणाली आणि पेले विसळायला आत गेली. नळ तिने मुद्दाम मोठा सोडला.

*

शुक्रवारी दुपारी दुकानासमोर लोकम्याची गाडी उभी होती. बेरिनने काचेतून पाहिलं. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. कढईशेजारी वाट्या भरून देत होता तो लेवेंत. चष्म्याची एक काडी वर, एक खाली.

ती तडक बाहेर आली. पण लोकम्याची रांग मोडून पुढे जायची रीत नाही, म्हणून शेवटी जाऊन उभी राहिली. सहा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला तेवढी रांग जड जायला नको होती. पण जड गेली.

तिच्या पुढे तेच टोपीवाले आजोबा होते. त्यांचा नंबर आला.

"कोण गेलं, बाळा?"

"मालिका, आजोबा."

"वय काय होतं?"

"आठ."

"अरेरे. लहानच की," आजोबा म्हणाले आणि वाटी घेऊन बाजूला झाले.

आता समोर तीच. पाटीवर फक्त 'उत्तर बंदर' लिहिलं होतं.

"बंद केली?" तिने विचारलं.

"ती कसली बंद होतेय. दुसरे लेखक येतील, सेल्माची जुळी बहीण सापडेल. माझ्यापुरती मेली. सोडली मी." त्याने वाटी पुढे केली. पाक अंगठ्यावर सांडला. "बहिणीकडची वरची खोली घेतलीय. काम अजून मिळालेलं नाही. मावशी म्हणाल्या, तू काय म्हणालीस ते. मेलेल्या बाईला सांगणं सोपं असतं म्हणून. खरं आहे. तुला सांगताना माझी फार तंतरलीय."

"मग?"

"बेरिन, मला तुला—"

फोन वाजला.

अख्ख्या रांगेने मान लांब केली. लोकमावाल्याचा झारा परत थांबला. लेवेंतने खिशातून फोन काढला, पाहिलाही नाही, मुकद्देस हनुमच्या हातात दिला. त्या कढईमागे कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.

"धरा जरा, मावशी." मग बेरिनकडे बघून तो एका दमात म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझ्याशी लग्न करशील? कधी करायचं ते तू ठरव. उद्या म्हणालीस तरी चालेल."

बेरिन त्याच्याकडे बघत राहिली. तिला मिनिटं भरायची नव्हती. तिने वाटी गाडीवर ठेवली, दोन्ही हातांनी त्याचा चष्मा सरळ केला, आणि हात तिथेच राहू दिले.

"हो," ती म्हणाली. "उद्या नको, दुकान उघडं असतं. रविवारी बोलू घरच्यांशी."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. फोन अजून वाजतच होता. मुकद्देस हनुमने पदराला पुसावेत तसे हात झग्याला पुसले आणि तो कानाला लावला.

"हॅलो? कोण, वाहिनीवाले? नाही, लेवेंत आत्ता यायचा नाही. कामात आहे." त्यांनी डोळे टिपले, मग आवाज चढवला. "आणि बरे सापडलात. ती जुळी बहीण बिहीण आणू नका हो. आम्हाला कळतं सगळं."