शुक्रवारचा पाऊस

येडशीच्या फाट्यावर बसमधून उतरल्यावर गायत्रीनं रस्ता विचारायला नेमका तोच माणूस निवडला. मे महिन्याची दुपार होती, रस्ता तापून पांढरा पडला होता, आणि लिंबाखाली मोटारसायकल लावून एक जण हेल्मेटनं वारा घेत उभा होता. हेल्मेटनं वारा घेणारा माणूस तिनं तोवर पाहिला नव्हता. ती बघतच राहिली… आणि बघताना पकडली गेली म्हणून घाईघाईनं विचारून बसली — वर डोंगरावर, कड्याच्या अलीकडं एक शेत आहे, तिथं पाऊस मोजायचं यंत्र बसवलंय, तिकडं कसं जायचं?

“यंत्राकडं काय काम काढलंत?” त्यानं विचारलं.

“बघायचंय. म्हणजे… माझं कामच ते आहे, बघायचं.”

“ते दिसलं मला,” तो म्हणाला. “बसा मागं. शेत आमचंच हाय.”

तर अशी सुरुवात. गायत्री मूळची मुरुमची, घरी अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणाऱ्या लिंगायत घरातली. धाराशिवच्या एका संस्थेत नुकतीच लागली होती. बालाघाटच्या रांगेवर या संस्थेनं जागोजागी यंत्रं बसवली होती. कुठल्या डोंगरावर किती पाऊस पडला, कुठं ऊन किती तापलं, कुठला भाग दुष्काळाकडं चालला, याचे आकडे आपोआप धाराशिवला येत. आकड्यात काही वेडंवाकडं दिसलं की जाऊन बघायचं, हे गायत्रीचं काम. शनिवारी ऑफिसची गडबड कमी, म्हणून फिरती शनिवारी.

हेल्मेटवाला होता प्रसेनजित, येडशीच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. त्याच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या दिवशी निळा होता. घरी तो आणि त्याची आई, भिमाबाई. पडवीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर सोयाबीनसाठी नांगरून ठेवलेलं रान, आणि रानाच्या टोकाला, झाडांपासून लांब, ते यंत्र. वर एक रुंद तोंडाचं नरसाळं, आत इवलीशी पळी. पळी भरली की कलंडायची, आणि ती कलंडली की तिकडं धाराशिवला पाऊस पडल्याचा आकडा उमटायचा.

नरसाळ्यात चिमणीनं काड्या आणून टाकल्या होत्या. गायत्रीनं त्या काढल्या आणि भिमाबाईंना बजावून सांगितलं, की मावशी, एवढं भांडं तुमच्यावर सोपवते, हे कायम स्वच्छ राहिलं पाहिजे, मी शनिवारी कधीही येऊन बघेन. भिमाबाईंनी मान डोलावली. नवऱ्यामागं एकटीनं शेती ओढलेली बाई ती, सांगितलेलं काम अंगावर घ्यायची तिची रीत होती.

निघताना प्रसेनजितनं तिला पुन्हा फाट्यावर सोडलं. परत कधी येणार, असं त्यानं अगदी सहज विचारलं. एवढं सहज, की त्यामागची तयारी दिसत होती.

“पाऊस पडला की,” ती म्हणाली.

“मग आमच्यावाणी तुमालाबी आभाळाकडं बघत बसावं लागंल.”

बस सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता. धाराशिव येईपर्यंत आपण का हसतोय, हे गायत्रीला नीटसं कळलं नाही.

पाऊस पडला. जून-जुलै बरा गेला, सोयाबीन गुडघ्याला लागलं, आणि गायत्रीच्या दोन-तीन फेऱ्याही झाल्या. मग ऐन फुलोऱ्यात पावसानं पाठ फिरवली. श्रावणात वैशाखासारखं ऊन पडायला लागलं, दुपारी पानं माना टाकू लागली. डोंगरावरच्या सगळ्यांचं लक्ष आता एकाच गोष्टीकडं लागलं. सलग तीन आठवडे पाऊस नाही पडला, तर त्याला पावसाचा खंड म्हणतात. खंड नोंदला गेला, तर विम्याची भरपाई मिळते. आणि मधेच कधी थोडा जरी पाऊस नोंदला गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पीक वाळलेलं डोळ्यांना दिसत असलं तरी विचारतात ते यंत्रालाच. प्रसेनजितच्या शेतातल्या त्या यंत्रावर आसपासच्या सगळ्या वस्त्यांचा हिशेब होता.

आणि एका शुक्रवारी त्या यंत्रानं पाऊस सांगितला. बालाघाटवरची बाकी सगळी यंत्रं कोरडीठाक, आभाळात औषधाला ढग नाही, आणि येडशीच्या डोंगरावर तेवढा पाऊस!

शनिवारी गायत्री धावली. पळी तपासली, तारा तपासल्या. सगळं जागच्या जागी. प्रसेनजितला विचारलं, तर तो म्हणाला, एक थेंब पडला नाही. म्हणाला, पण हसून. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

पुढच्या शुक्रवारी परत पाऊस. शनिवारी परत गायत्री, परत इस्त्रीचा शर्ट, आणि परत तेच हसू. या खेपेला तर तिच्यासाठी आल्याचा चहा आधीच ठेवलेला होता. आपण येणार, हे याला कुणी सांगितलं?

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात एक संशय शिरला, आणि शिरला तो ठाण मांडून बसला. हाच नसेल ना पाणी ओतत? पाऊस पडला की येईन, असं आपणच म्हणालो होतो… पण मग गावाचा खंड मोडतोय, हे त्याला कळत नाही? इतका कसा हा — आणि इथं तिचं पुढचं वाक्य अडकायचं. राग यायला हवा होता, आणि तो येतही होता; पण त्याच्या आधी काहीतरी गोड वाटून जायचं, आणि त्या गोड वाटण्याचाच तिला खरा राग यायचा. अय्यो, असं ती कानडीत स्वतःशीच म्हणायची, आणि शेजारची बाई वळून बघायची.

आता कुणी म्हणेल, एवढी शिकलेली मुलगी, सरळ विचारायचं ना. पण सरळ विचारणं ज्यांना जमतं, त्यांच्या गोष्टी दोन ओळींत संपतात. गायत्रीला ते जमलं नाही. तिनं ठरवलं, की या खेपेला शुक्रवारीच जायचं आणि त्याला रंगेहाथ धरायचं. सोमवारी सगळे आकडे विमा कंपनीकडं जायचे होते. त्याआधी छडा लागला नाही, तर तो खोटा पाऊस कायमचा खरा होणार होता.

येडशीला उतरून ती थेट शाळेच्या फाटकाशी गेली. तो बाहेर आला, तिला बघून आधी गडबडला आणि मग भलताच खुलला. तास दुसऱ्या मास्तरांवर सोपवून त्यानं गाडी काढली. घाटाचं पहिलं वळण आलं.

“आज शुक्रवारीच?” त्यानं मान न वळवता विचारलं. “पाऊस तर अजून पडायचाय.”

“पडायचाय? तुम्हाला काय माहीत, आज पडणार ते?”

त्यानं गाडी बाजूला घेतली. उतरला, हेल्मेट काढून हातात फिरवत राहिला.

“राग मानू नका,” तो म्हणाला. “पण दर वेळी निमित्त काढायची गरज न्हाय. पावसाबिगर आलात तरी… मला आवडंल. लई आवडंल.”

“निमित्त? मी काढते निमित्त?”

“मग? डोक्यावर ढग न्हाय अन् तुमी म्हणता पाणी पडलं. दर शुक्रवारी. म्या काय समजायचं?”

“मी तर समजत होते, की तुम्ही पाणी ओतता. मला बोलवायला.”

तो तिच्याकडं बघतच राहिला. हसू कुठल्या कुठं गेलं.

“माझ्याच माणसांचं नुकसान करून?” त्यानं हळूच विचारलं. “असा वाटलो व्हय मी तुमाला?”

“आणि मी खोटे आकडे सांगते, असं तुम्हाला वाटलं. नोकरी करते मी, प्रसेनजित सर.”

एकमेकांचा पुरता अपमान करून झाला होता, आणि वर दोघांनाही मनातून थोडी लाज वाटत होती. कारण समोरच्यानं आपल्यासाठी लबाडी केली, या कल्पनेवर दोघांनीही दोन आठवडे मजेत काढले होते. गाडी पुन्हा सुरू झाली. दुसरं वळण आल्यावर गायत्रीच्या ध्यानात आलं, की भांडणाच्या मधेच तो ‘लई आवडंल’ म्हणाला होता, आणि आपण त्याला उत्तरच दिलं नाही. आता ते कसं द्यायचं, गाडीवर, त्याच्या पाठीकडं बघून?

प्रश्न तसाच राहिला, कारण शेत आलं. आणि यंत्रापाशी भिमाबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, एका हातात काथ्याचा चोथा, दुसऱ्या हातात तांब्या. नरसाळं आतून-बाहेरून घासून झालं होतं. दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तांब्यातलं पाणी त्यावर धो धो ओतलं, पुन्हा कळशीत बुडवून आणखी एक तांब्या ओतला, आणि पदरानं कडा पुसल्या.

“आई,” प्रसेनजित ओरडलाच, “काय करायलीस?”

भिमाबाईंना ओरडण्यासारखं काही दिसेना. पाण्याची एवढी चणचण, पिण्याच्या कळशीतलं पाणी काढून त्या हे काम करत होत्या. कौतुक व्हायला हवं होतं.

“बाईनीच सांगितलंय न्हवं, भांडं सोच्छ ठिव म्हणून?” त्या म्हणाल्या. “त्या शनिवारी येत्यात, म्हणून म्या शुक्रवारी धुते.”

गायत्री बांधावरच बसली. भर पावसाळ्यात हे धुणं खऱ्या पावसात मिसळून गेलं असणार, कुणाला पत्ताही लागला नसणार.

“मावशी,” ती म्हणाली, “तुम्ही शुक्रवारी धुता, म्हणून मी शनिवारी येते.”

भिमाबाईंना समजावून सांगायला वेळ लागला. खंड कसा मोडला, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तांब्या त्यांनी असा लांब ठेवला, जणू तोच गुन्हेगार. सगळ्या वस्तीचं पीक वाळलंय आणि माझ्या हातानं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. गायत्रीनं त्यांचा हात धरला. कोरड्या फडक्यानं पुसा, एवढे तीन शब्द आपण सांगायला हवे होते, चूक आपली आहे, हे तिनं त्यांना दोनदा सांगितलं. मग रानाच्या टोकाला, जिथं फोनला रेंज मिळायची, तिथं जाऊन तिनं आपल्या साहेबांना, महारुद्र सरांना फोन लावला. आवाज तुटत होता म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. प्रसेनजित शेजारी येऊन उभा राहिला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, हे विशेष. बाजूची यंत्रं कोरडी आहेतच, ते म्हणाले, तेव्हा हे आकडे रद्द करता येतील. पण पाणी ओतताना कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे.

“मी पाहिलं, सर.”

“मग झालं काम. एक सांग, तिथं तुझं कुणी नाही ना? उद्या कुणी बोट दाखवलं, तर तुझा शब्द टिकला पाहिजे.”

नाही म्हटलं, की संपलं. वस्तीचा खंड जागेवर येत होता. गायत्रीनं प्रसेनजितकडं पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं. तो तिच्याकडं बघत होता आणि हळूहळू मान हलवत होता… न्हाय म्हणा. ओठांनीच सांगत होता, न्हाय म्हणून टाका. त्याचे डोळे मात्र काही वेगळंच सांगत होते, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. खोटा पाऊस पुसायला आणखी एक खोटं बोलायचं, तेही याच्यासमोर… गेले कितीतरी दिवस जे तिला स्वतःलाच धड कळत नव्हतं, ते आत्ता, या माणसाच्या हलणाऱ्या मानेकडं बघताना, लख्ख कळलं.

“आहे, सर,” ती म्हणाली. “इथं माझं माणूस आहे.”

प्रसेनजितची मान हलायची थांबली.

मग सर म्हणाले, की असं असेल तर तुझा शब्द मला धरता येणार नाही. ते माहीत आहे, गायत्री म्हणाली, म्हणून तुम्ही स्वतः या, सोमवारच्या आत. रविवारी डोंगर चढायला लावतेस, असं सर कुरकुरले, पण येतो म्हणाले.

ते आले. भिमाबाईंनी त्यांच्यासमोर नरसाळं जसं धुवायच्या तसं धुऊन दाखवलं. पाण्याचा आकडा धाराशिवला उमटला, तो नेमका शुक्रवारच्या पावसाएवढा. सरांनी तिन्ही शुक्रवारचे आणि त्या दिवशीचे आकडे रद्द केले आणि खंड पुन्हा जोडला गेला. जाताना त्यांनी येडशीचं यंत्र गायत्रीकडून काढून दुसऱ्याकडं दिलं. नियम तो नियम.

त्यामुळं पुढच्या शनिवारी गायत्रीला येडशीला जायचं काहीच काम नव्हतं. ती सकाळच्या पहिल्या बसनं निघाली. बसमधूनच तिनं मुरुमला वडिलांना फोन लावला, आणि येडशीला चाललेय म्हणून सांगितलं. कसलं काम काढलंस, असं अप्पांनी विचारलं.

“काम नाही, अप्पा. एकांना भेटायला चाललेय.”

अप्पा म्हणाले, की मला काही नीट समजेना, तू घरी ये आणि काय ते समोर बसून सांग.

“येते,” गायत्री म्हणाली. “त्यालाही घेऊन येते.”