ज्येष्ठेच्या साड्या

"जीजी, ये क्या!... इतक्या चंदेरी साड्या?"

गरिमाच्या आवाजातली धार सुनंदाला नवी नव्हती. शिंदे की छावनीतलं हे घर विकलं गेलं होतं, परवा किल्ल्या द्यायच्या होत्या, म्हणून भाऊ राघव आणि भावजय गरिमा भोपाळहून आवराआवर करायला आले होते. किल्ल्या दिल्या की सुनंदानं इंदरगंजातल्या भाड्याच्या खोलीत एकटीनं राहायचं, हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं! आणि नेमकी ती पत्र्याची पेटी आज गरिमाच्या हाती लागली.

"देऊन टाका कुणाला तरी," सुनंदा कशीबशी म्हणाली. "जुन्या आहेत."

"जुन्या कुठे? खुद के लिए जमा करत राहिलात, और हमें तो दरवाजे से..." गरिमानं पेटी राघवपुढे सरकवली.

दारातूनच! वीसेक वर्षांपूर्वी, लग्न करून आलेल्या या दोघांना सुनंदानंच उंबऱ्यावर अडवलं होतं. "महालक्ष्म्यांच्या घरात मला परजातीची सून चालायची नाही," हे शब्द तिच्याच तोंडचे होते. पण आत देवघरात वडील, नाना बसले होते, ही सून आत आली तर अन्न सोडीन म्हणून हटून... ते शब्द बापाच्या तोंडून ऐकले असते, तर राघव पुन्हा या घराचं तोंड पाहता ना! बहिणीचं काय, तिच्यावर रागावता येतं... म्हणून त्या माउलीनं तो कलंक स्वतःच्या कपाळी लावून घेतला. राघव पुढे एकटाच येत राहिला, नानांच्या पाया पडत राहिला, बहिणीशी मात्र कामापुरतं बोलला. आणि नाना? मुलगा येतोय ना, मग झालं! लेकीच्या त्या त्यागावर ते शेवटपर्यंत खुशाल जगले.

राघवनं पेटीतली वरची साडी उचलली, पदर उलगडला आणि तो थबकला. पदरावर हळदीकुंकवाचे डाग होते, टाचण्यांची बारीक भोकं होती. लहानपणी आई महालक्ष्म्यांना साड्या नेसवायची, तेव्हा टाचण्यांची डबी धरून तोच तर उभा राहायचा!

"अक्का... या ज्येष्ठेच्या आहेत ना?"

सुनंदानं पदर त्याच्या हातून घेतला आणि ती पुन्हा घडी घालू लागली.

"म्हणजे?" गरिमानं विचारलं.

"आमच्या घरची रीत आहे," राघव म्हणाला. "महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की ज्येष्ठेची साडी सुनेची, कनिष्ठेची लेकीची. कनिष्ठेच्या हिनं नेसून विरवल्या... गरिमा, ह्या सगळ्या तुझ्या आहेत. हर साल एक!"

गरिमा पेटीतल्या साड्या एकेक करून मोजू लागली.

"मग त्या दिवशी दारात ते शब्द कोणाचे होते, अक्का? नानांचे ना? खरं सांग!"

एक 'हो' म्हटलं असतं तर सारा कलंक धुऊन निघाला असता! पण ज्यानं वर्षापूर्वीच बापाला अग्नी दिला, त्याच्या मनातला बाप आता कसा हिरावून घ्यायचा?

"मीच म्हणाले होते," ती शांतपणे म्हणाली. "दारात मीच उभी होते ना? नाना गेले, राघव. त्यांना यात ओढू नकोस."

राघवला सगळं उमगलं. तो लहान मुलासारखा तिच्या पायांशी कोसळला. "अक्का! इतकी वर्षं... आणि मी तुला साधं 'कशी आहेस' म्हणून विचारलं नाही गं!"

तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. बोलली ती गरिमा, डोळे पुसत, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत.

"जीजी, भादव्यात महालक्ष्मी भोपाळला बसवायची. मला काही येत नाही, तुम्ही शिकवा. आणि... कनिष्ठेची साडी घ्यायला घरात लेक पाहिजे ना?"

इतकी वर्षं अडवलेला हुंदका तेव्हा कुठे फुटला. भावजयीला पोटाशी धरून सुनंदा मनसोक्त रडली, आणि मग पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाली,

"राघव, इंदरगंजच्या घरमालकाला फोन कर. खोली नको म्हणून सांग."