प्रोसेसरवरचं कुंकू

दार उघडलं आणि वीरधवल सगळं पाठ केलेलं विसरला.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एसटीत बसून त्यानं एकच वाक्य घोकलं होतं. 'नमस्कार, मी वीरधवल, खंडाळ्याचा.' घरची मंडळी हरिबामामांच्या गाडीतून येणार होती आणि तो नोकरीच्या गावाहून परस्पर. ती गाडी कराडजवळ बंद पडली. मामांनी फोनवरच फर्मावलं, "तू हो पुढं, बस जाऊन. तुला कोण खातंय व्हय?" म्हणून मुलगी बघायला नवरदेव एकटाच, पाठीला सॅक लावून, माधवनगरच्या त्या दारात उभा होता.

समोर मुलगी होती. फोटोत खाली मान घालून बसलेली तीच, सृष्टी. पण आता ओढणी कमरेला बांधलेली, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि नजर थेट त्याच्या डोळ्यांत.

"किती वाट बघायची हो? दुकानातनं तानाजीभाऊंनी पाठवलं ना? चपला तिथं काढा. मशीन आत हाय."

"न्हाई, मी ते…"

"नंतर बोला. चारला पाव्हणे यायचेत, त्याच्या आत हे सुरू झालं पाहिजे. उद्या दसऱ्याला एका नवरीला तिच्या लग्नाची फिल्म द्यायचीय मला. शब्द दिलाय."

आता खरं सांगायला हवं होतं. पण ती वळली, वेणीचं टोक त्याच्या हाताला ओझरतं लागलं… आणि शहाणासुरता वीरधवल मुकाट्यानं चपला काढून तिच्या मागं गेला. माणसाची बुद्धी अशी ऐन वेळी कुठं जाते, देव जाणे.

आत टेबलावर कंप्युटरचा जुना डबा उघडा पडला होता. तिच्या वडिलांनी फौजेतून आल्यावर घेतलेला. बाहेरचं कॅबिनेट तेच ठेवायचं आणि आतलं काळीज नवं घालायचं, म्हणजे नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. वीरधवलनं स्वतःचा कंप्युटर स्वतः जोडला होता, त्यामुळं हे काम त्याच्या हातचं होतं. त्यानं ऐटीत पाटावरच्या त्या नव्या वस्तूंकडं पाहिलं, आणि त्याला घामच फुटला.

प्रोसेसरच्या मधोमध कुंकवाचं ठसठशीत बोट. मदरबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या, आणि जिथं प्रोसेसर बसतो त्या नाजूक पिनांच्या चौकोनात अक्षता.

"हे… हे कुणी केलं?"

"आईनं," सृष्टी कपाळाला हात लावून म्हणाली. "आज खंडेनवमी न्हाई का. अण्णांची जुनी फौजेची कुकरी, माझा कॅमेरा, सगळं पुजलं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्याचं झाकणपण काढलं. म्हणे, देवाला झाकून ठेवून कुणी पुजतं का? मला बघूनच धडकी भरली. एक जरी पिन वाकली असंल तर संपलं ना?"

"संपलं," तो म्हणून गेला. तिचा चेहरा उतरला, तसा तो घाईनं म्हणाला, "पण वाकली नसंल. चिमटा हाय? भुवयांचा असतो तो?"

ती पळतच चिमटा घेऊन आली. वीरधवल श्वास रोखून एकेक तांदूळ उचलू लागला. ती मोबाईलचा उजेड धरून वाकली होती. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. लक्ष हलू नये म्हणून त्यानं मनातल्या मनात हरिबामामांचा चेहरा आठवला, त्याचा पुष्कळ उपयोग झाला.

"आजच्या पाव्हण्यांना मी न्हाई म्हणणाराय," ती एकदम म्हणाली.

चिमट्यातला तांदूळ पुन्हा आत पडला.

"का?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, "बरं… बरं, चालंल" म्हणाली आणि परत आली. दारातच जराशी थांबली. मग उजेड धरून पुन्हा शेजारी बसली, पण आता थोडी जास्तच जवळ.

"का म्हणून विचारलंत ना? तर ऐका. मध्यस्थाकडून निरोप आलाय, पोरीनं आता हे कंप्युटरचं येड सोडावं, घर सांभाळावं. मी दुसऱ्यांची लग्नं जोडते ह्या डब्यावर… हसू नका, तुकडे तुकडे जोडूनच फिल्म होते. नवरी आईकडं बघून कसं हसती, बाप कोपऱ्यात जाऊन डोळे कसे पुसतो, हे मला दिसतं, आणि ते मी जपून ठेवते. ते सोडून मी काय करू सांगा?"

वीरधवलला हा निरोप ठाऊकच नव्हता. मामांनी परस्पर काय काय ठरवलं होतं! त्याचे कान तापले. आणि त्याच क्षणी त्याला लख्ख कळलं, ही मुलगी आपल्याला आवडली आहे. फोटोतली नव्हे, ही.

"समजा…" तो प्रोसेसरवरचं कुंकू हलक्या हातानं पुसत म्हणाला, "समजा त्या मुलानं तसं म्हटलंच नसंल तर?"

"मग त्यानं तोंडानं सांगावं. सगळ्यांसमोर." ती त्याच्याकडं बघत होती. "एकट्यात गोड बोलणारे लय असतात."

त्यानं पुन्हा कामात मान घातली. प्रोसेसर बसला, त्यावर उष्णता ओढणारी पेस्ट लागली, वर पंखा आला, रॅम टक्कन बसली. दोघांनी एकदम बटणाकडं हात नेला, बोटं टेकली आणि दोघांनीही मागं घेतली. शेवटी तिनंच बटण दाबलं.

काही नाही. पडदा काळा.

"गेलं," तो पुटपुटला. हिचा शब्द गेला, आपलंही गेलं.

सृष्टीनं आत डोकावलं. "आवं, प्रोसेसरला वीज देणारी ती वरची वायर जोडायची राहिली की. लक्ष कुठं होतं तुमचं?"

कुठं होतं ते तो सांगणार कसं? तिनं वायर जोडली. पंखा फिरला… आणि पडदा उजळला. ती हसली, अगदी लहान पोरीसारखी, आणि वीरधवलला वाटलं, आता सांगावंच.

"सृष्टी, मी तानाजीचा माणूस न्हाई. मी—"

"अगं बया!" दारात राहीबाई, तिची आई, झेंडूची टोपली घेऊन उभी. "हे तर खंडाळ्याचं पाव्हणं! फोटो बघ म्हटलं तर बघितला न्हाईस, आन् पाव्हण्यांकडनं काम करून घेतलंस व्हय गं?"

वीरधवलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं भीत भीत सृष्टीकडं पाहिलं. ती शांतपणे बोटावरची पेस्ट ओढणीला पुसत होती.

"मला ठाऊक हाय, आई. मगाशी तानाजीभाऊंचाच फोन होता. त्यांना आज जमत न्हाई म्हणाले."

मगाशी… म्हणजे तो निरोप, ती लग्नं, ते 'सगळ्यांसमोर', सगळं ती त्यालाच सांगत होती!

चारच्या सुमारास गाडी दुरुस्त करून मंडळी आली. पोहे झाले. सृष्टी साडी नेसून समोर बसली, फोटोतल्यासारखी मान खाली घालून. पण आता त्या मानेवर वीरधवलचा काडीइतका विश्वास नव्हता. हरिबामामांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरीला काय इचारायचं असंल तर इचार, बाबा. सैपाक येतो का, ते इचार."

वीरधवलनं बशी खाली ठेवली. मामांच्या पुढं तो जन्मात कधी बोलला नव्हता.

"तुमचं टेबल…" तो म्हणाला, "केवढं हाय?"

मामांचा चमचा बशीतच राहिला. "टेबल? कसलं टेबल रं?"

"कंप्युटरचं, मामा. तो खंडाळ्याला आपल्या घरी येणार हाय. त्यांचं काम सोडायचा निरोप तुमचा होता, माझा न्हाई. त्यांनी हो म्हटलं तर त्या कामासकट म्हणतील. आणि मला त्या आवडल्यात."

राहीबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. आणि सृष्टी, जिला सगळं आधीच ठाऊक होतं, तिनं पहिल्यांदाच दचकून मान वर केली. डोळे भरून आले होते. एवढं तो बोलेल, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

"चार फूट," ती हळूच म्हणाली. "आणि… खिडकीजवळ लागतं."

"खिडकी हाय," वीरधवल म्हणाला.