चित्र आहे, उजेड नाही

आधीच सांगतो, ही थाप नाही.

माझ्या थापा तुम्हाला पाठ आहेत, ठाऊक आहे मला. पण यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडो. आमच्या मामाच्या बाबतीत घडलंय हे, मागच्या हिवाळ्यात. वेळ संध्याकाळची. जागा त्याच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या मावशीच्या, लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्या.

मामा टीव्ही दुरुस्त करतो. तारांना कथलाचा डाग देता देता उडणाऱ्या ठिणग्यांनी त्याच्या प्रत्येक शर्टाला भोकं पडलेली, म्हणून बहिणीने त्याचं नाव ठेवलं 'ठिणग्या'. तेच चिकटलं.

तर मावशीचा फोन आला.

"ठिणग्या, टीव्हीचा आवाज येतोय, पण चित्र गेलंय."

"मग रेडिओ समज, अक्का."

"थोबाड फोडीन. ये लवकर."

मामाचे दाजी पावसाळ्यातच गेले होते. टीव्हीसमोरच्या खुर्चीत, बातम्या बघता बघता. मूलबाळ नाही. घरात बोलणारा उरला होता तो हा टीव्हीच. मामा हातातलं काम टाकून गेला.

पडदा काळा. आतून बाई हवामान सांगतेय, ठणठणीत आवाजात.

मामाने खिशातला टॉर्च काढला, पडद्याला तिरका टेकवला. उजेडाच्या वर्तुळात फिक्कट, पाण्यात बुडाल्यासारखा नकाशा दिसला.

"बघ. चित्र आहे, उजेड नाही. मागची दिव्यांची पट्टी गेलीय. मागवावी लागेल."

"तोवर मी काय करू?"

"तोवर टॉर्च मार आणि तुकड्यातुकड्याने बघ. फुकटात करमणूक."

मावशी हसली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदा. मामाला इतकं बरं वाटलं, की तो आपला टॉर्च तिथेच ठेवून आला.

तिथेच चुकलं.

पट्टी यायला वेळ लागला. आली तसा मामा पेटी घेऊन जिना चढला. दार मावशीने उघडलं नाही... ते उघडंच होतं.

खोलीत अंधार. मावशी पडद्यापासून वीतभर अंतरावर पाटावर बसलेली, हातात टॉर्च. टीव्हीत कसलीशी स्पर्धा चाललेली. टाळ्या, हशा.

"अक्का, डोळे जातील. सरक, पट्टी आणलीय."

"हात लावू नकोस."

"अगं, दुरुस्त..."

"ठिणग्या, हे आलेत."

मावशीने टॉर्च त्याच्या हातात दिला.

त्याने पडद्याला टेकवला...

स्पर्धा नव्हती. माणसं नव्हती. एक खोली होती. एक खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोरा बसलेला कुणीतरी.

मामाने चॅनल बदललं. आवाज बदलला, गाणं लागलं. खोली तीच.

पुन्हा बदललं. खोली तीच.

"पहिल्या दिवशी नुसती पाठ होती," मावशी कुजबुजली. "आता बघ, वळतायत. उजेड धरला की वळतात. रोज थोडे थोडे."

मामाने वर्तुळ वर सरकवलं. मान. केस. उजवा कान...

कान अख्खा होता.

दाजींचा उजवा कान अर्धा होता. तरुणपणी यंत्रात सापडलेला. त्यावरून मामा त्यांना आयुष्यभर चिडवत आला होता.

"अक्का... हे दाजी नाहीत."

"गप."

"कान बघ ना!"

मावशीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तिकडे गेल्यावर भरून येत असेल."

मामाने सरळ भिंतीवरचा प्लग उपसला आणि स्क्रू काढायला टीव्हीमागे गेला.

गाणं थांबलं नाही.

आत चार्ज उरला असेल, तो स्वतःशीच पुटपुटला. असा उरलेला चार्ज दोन-चार सेकंदच टिकतो, हे त्याला कळत होतं. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं...

मावशीने त्याचं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

"फक्त आजची संध्याकाळ दे रे. उद्या खुशाल उजेड कर. मला एकदा तोंड बघू दे यांचं. शेवटचं बघायला मिळालं नाही मला, मी दूध आणायला गेले होते..."

लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरणारी बहीण. तिने उभ्या जन्मात कधी काही मागितलं नव्हतं.

मामाने स्क्रू परत बसवले.

"आज रात्री मी इथेच झोपतो."

"तुझं घोरणं कोण ऐकणार? जा घरी. सकाळी ये."

तो सकाळी गेला. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं. शेवटी खालच्या लॉन्ड्रीवाल्याने आणि त्याने मिळून खांद्याने दार फोडलं.

पाट होता. पाटाशेजारी मावशीच्या सपाता होत्या, चष्मा होता. टॉर्च जमिनीवर पडलेला, मिणमिणता. खिडक्यांना गज. टीव्हीत कुणीतरी बातम्या वाचत होतं.

प्लग मामाने उपसला होता तसाच लोंबत होता.

मावशी मिळाली नाही. पोलीस येऊन गेले, नातेवाईक रडून गेले. खोल्या रिकाम्या करायची वेळ आली तेव्हा टीव्ही कुणालाच नको होता. मामाने तो दुकानात आणला आणि मागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

काही दिवस तो तसाच राहिला. मग एकदा दुकान बंद करताना मामाने तो फिरवला.

टॉर्च टेकवला...

दोन खुर्च्या होत्या. दोघंही पाठमोरे. एकीच्या पाठीवर पांढरी वेणी, शेवटाला काळा दोरा बांधलेली.

मी त्याला म्हणालो, "मामा, पट्टी आहे ना तुझ्याकडे? लाव आणि मोकळा हो."

"लावली की सगळे कार्यक्रम दिसतील रे," तो म्हणाला. "अक्का दिसणार नाही."

"मग फोडून टाक."

"आत ती असताना?"



परवा संध्याकाळी त्याच्या दुकानावरून जात होतो. शटर अर्ध्यावर. वाकून आत गेलो. दिवे बंद. मामा पडद्यापाशी बसलेला, पाठ माझ्याकडे. टीव्हीतली बाई उद्याचं हवामान सांगत होती.

"मामा, जेवायला चल. मामी वाट बघतेय."

"दारातच थांब," तो हळूच म्हणाला. "आत आलास की उजेड हलतो. अक्का वळतेय."

"आणि... तो दुसरा?"

त्याने टॉर्च पडद्याला आणखी घट्ट टेकवला.

मी पुन्हा हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही.

मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, त्याच्या पाठीकडे बघत. मग शटरखालून बाहेर आलो. तिसरी हाक मारायचं धाडस झालं नाही मला.

कारण खरं सांगू? त्याने वळू नये, असंच वाटत होतं.