दाग्रोसची धार

बसा, शेगडीकडे सरकून बसा. कॉफी चढवली आहे. हे मी येईल त्याला सांगत बसत नाही, पण तुम्ही आपणहून आईचा विषय काढलात, म्हणून सांगते.

त्या दिवशी ऑर्लिन घराबाहेर पडला तो धार काढायला. त्यात नवल काही नव्हतं. घरात कुणी जन्मो की मरो, गाईंना त्याचं काय! वेळ झाली की त्या हंबरायला लागतात. सकाळी चर्चमध्ये आईला निरोप दिला होता. दुपारी शेजारणी येऊन बटाट्याच्या लेफ्स्यांची, म्हणजे आमच्या नॉर्वेच्या पातळ पोळ्यांची, चळत, लोणी आणि केक ठेवून गेल्या होत्या. आकाशाचा रंग बघून सगळे लवकर पांगले. मार्च महिना होता, आणि आमच्या नॉर्थ डकोटात मार्चवर विश्वास ठेवणारा माणूस फार दिवस जगत नाही.

घरात आम्ही चौघंच उरलो. बाबा, मी, माझा थोरला भाऊ ऑर्लिन आणि आईची बहीण गुद्रुन मावशी. ऑर्लिनने कोट चढवला, बादल्या उचलल्या आणि दारातून वळून म्हणाला, "त्या दाग्रोस गाईने लाथ मारली तर मला आईशेजारीच ठेवा."

"तिथे जागा नाही," मावशी म्हणाली. "आणि ती तुला ठेवूनही घेणार नाही."

बाबासुद्धा हसले. ऑर्लिन गेला.

आईला अजून पुरलं नव्हतं, हे सांगायला हवं. हिवाळ्यात आमच्याकडची जमीन लोखंड होते, कुदळ टेकत नाही. मग पेटी चर्चमागच्या दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ वितळला की दफन करतात. बाबांना त्याचीच सकाळपासून रुखरुख लागली होती.

"इंगेबोर्ग आणि महिनाभर रिकामी बसणार?" ते कपात बघत म्हणाले. "तिला जमायचं नाही ते. दोन मिनिटं हात मोकळे राहिले तर तिला खाज सुटायची."

मग आम्ही आईच्या गोष्टींवर घसरलो. मावशीने सांगितलं, सतरा वर्षांची इंगेबोर्ग नॉर्वेहून आली ती या शेतावर मोलकरीण म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिने बाबांना, म्हणजे मालकाच्या मुलाला, चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात आला म्हणून झाडूने बाहेर काढलं होतं. "त्याच दिवशी ठरवलं," बाबा म्हणाले, "एवढ्या जोरात झाडू मारणारी बाई हातची जाऊ द्यायची नाही."

माझा जन्म मळणीच्या दिवशीचा. अंगणात मळणीची माणसं जेवायला बसलेली. आईने सगळ्यांना वाढलं, हात पुसले, "जरा आलेच" म्हणून आतल्या खोलीत गेली आणि माझ्या रडण्याचा आवाज आला. मावशी धावली तर पलंगावरून पहिला प्रश्न आला, "भट्टीतलं जळलं नाही ना?" सफरचंदांचा पाय होता हो भट्टीत, खायचा! पण मळणीवाल्यांतल्या एका म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि वर्षभर गावाला सांगत सुटला, की इंगेबोर्ग बाळालाच भट्टीत घालून विसरली.

हसता हसता बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं की दुसरं कशाचं, आम्ही विचारलं नाही.

आणि तेवढ्यात खिडकी पांढरी झाली.

अंधार होतो तसं नाही ते. उजेड असतो, पण त्या उजेडात काहीच नसतं. अंगण गेलं, पंप गेला, गोठा गेला. वाऱ्याचा आवाज आधी शिट्टीसारखा आला, मग घराभोवती कुणी जड गाडा फिरवावा तसा. चुलीच्या धुराड्यातून राखेचा वास खाली उतरला.

"ऑर्लिन गोठ्यात पोचला असेल," मावशी म्हणाली.

"पोचला असेल," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आर्डिस... दोर बांधलाय का?"

दर वर्षी पानगळ संपली की आई स्वयंपाकघराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर ताणायची, वादळात त्याला धरून जाता यावं म्हणून. तिने तो कधी बांधला, कधी सोडला, हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. दोर हिवाळ्यात आपोआप उगवतो असंच आम्ही धरून चाललो होतो. या हिवाळ्यात आई अंथरुणावर होती. दोर उगवला नव्हता.

बराच वेळ गेला. कॉफी गार झाली. बाबा उठायला लागले, पण त्यांच्या गुडघ्यांना पायरीही झेपत नव्हती. मीच कोट घातला. तळघरातून कपडे वाळत घालायची दोरी आणली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं बाबांच्या हातात दिलं.

"दोन झटके दिलेस तर ओढून घेईन," ते म्हणाले. "पोरी... एक गेली, तेवढं पुरे आहे मला."

बाहेर पाऊल टाकलं आणि माझे स्वतःचे हात मला दिसेनात. बर्फ डोळ्यांत सुयांसारखा घुसत होता. "ऑर्लिन!" अशी हाक मारली, ती वाऱ्याने तोंडातच परत कोंबली. अंदाजाने चालत राहिले. मग दोरी ताणली गेली. संपली. पण गोठा काही हाताला लागला नव्हता.

उभी राहिले. आणि पुढे, अगदी जवळ, आवाज आला. बादलीच्या कडीचा. चालताना बादली हेलकावते आणि कडी खुळखुळते, तसा. आणि वास आला. त्या थंडीत कसलाच वास येत नाही हो, नाकच बंद होतं. पण मला वेलदोड्याचा वास आला, कोमट दुधाचा, आणि घरी केलेल्या साबणाचा.

ऑर्लिनच असणार, असं मी स्वतःला समजावलं. ऑर्लिनच्या अंगाला वेलदोड्याचा वास कसा येईल, हे तेव्हा मनात आलं नाही. की येऊ दिलं नाही, कोण जाणे. मी कमरेची गाठ सोडली.

शहाणपणाचं नव्हतं ते. बाबांनी नंतर त्यासाठी मला फैलावर घेतलं. पण मी गाठ सोडली आणि त्या खुळखुळण्याच्या मागे चालत गेले. वीसेक पावलांवर हाताला लाकूड लागलं. गोठ्याचं दार.

आत कंदील जळत होता. गाईंच्या श्वासांनी गोठा उबदार झाला होता. आणि काय शांतता! आई आजारी पडल्यापासून दाग्रोस शांत अशी नव्हतीच. ती लाथाळ गाय आईखेरीज कुणाला सडाला हात लावू देत नसे. पान्हा चोरायची. ऑर्लिन रोज तिच्याशी झटापट करून अर्धी बादली आणि एक काळानिळा डाग घेऊन यायचा. तिची कास सुजायला लागली होती, गाय हातची जाणार अशी भीती होती.

ती आता डोळे मिटून रवंथ करत होती. कास रिकामी, सैल, मऊ. तिच्या बाजूला बादली काठोकाठ भरलेली, वर बोटभर फेस.

ऑर्लिन पलीकडे गवताच्या ढिगावर बसला होता. भुवयांवर बर्फ, ओठ निळे. हात काखेत खुपसलेले.

"काढलीस धार?" मी विचारलं. "दाग्रोसने काढू दिली?"

त्याने हात काखेतून काढून पुढे केले. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, मिटतही नव्हती.

"या हातांनी?" तो म्हणाला.

मी बादलीत बोट बुडवलं. दूध गरम होतं.

"मग... कुणी?"

"हळू बोल."

"ऑर्लिन, कुणी काढली?"

तो गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथे आईचं तिपाई स्टूल असायचं. आता ते दाग्रोसपाशी होतं.

"मी वाट चुकलो," तो म्हणाला. "गोठा सोडून पूर्वेच्या कुरणाकडे गेलो असणार, कारण कुंपणाची तार लागली. तिथेच बसलो. थंडी वाजायची थांबली, आर्डिस. छान ऊब आली. झोप यायला लागली..."

"मग?"

"मग कुणीतरी माझा कान धरला."

"काय?"

"कान. डावा. असा पिळला, की..." त्याने मान झटकली. "'ऊठ, गधड्या. गाई काय आपली आपण धार काढून घेणार आहेत?' असं. अगदी कानाशी. मी उठलो. कान सोडेचना. ओढत आणलं मला इथपर्यंत. दारात ढकललं. मी पडलो इथे, आणि... आणि मागून बादलीत धार पडल्याचा आवाज यायला लागला. सर्र... सर्र..."

"तू पाहिलंस?"

"वळलो नाही मी. मला वळवेना." मग त्याच्या निळ्या ओठांवर हसू आलं, वेडंवाकडं. "गुणगुणत होती गं. तेच, बेसूर. दाग्रोसला आवडायचं ते."

मी त्याच्याजवळ बसले. अंगावर काटा होता, पण त्याच वेळी हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम कसं येतं ते मला अजून सांगता येत नाही. दाग्रोसने एक लांब उसासा टाकला. कोपऱ्यात गवत सळसळलं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

वारा जरा ओसरला तेव्हा दारातून घराची खिडकी क्षणभर दिसली, तिच्यात बाबांनी ठेवलेला दिवा दिसला. तेवढ्यात आम्ही धावलो. एका हाताने मी ऑर्लिनला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात, हो, ती बादली. ते दूध तिथे टाकून आलो असतो तर आईने दोघांचेही कान पिळले असते.

घरात मावशीने ऑर्लिनचे हात गार पाण्यात धरले, त्याला शिव्या घातल्या, रडली, पुन्हा शिव्या घातल्या. त्याचा उजवा कान पांढराफटक झाला होता. थंडीने करपला होता तो. पुढे त्या कानाची पाळी डॉक्टरांनी कापली. डावा मात्र लालभडक होता, नुकतंच कुणी पिळल्यासारखा. डॉक्टरांनी दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, "एका कुशीवर झोपला असशील." ऑर्लिन म्हणाला, "हो, तसंच असेल."

मावशीला आम्ही सगळं सांगितलं. ती धार्मिक बाई, तिने छातीवर हात जोडले. "हे चांगलं नव्हे. मेलेल्या माणसाने विसावा घ्यावा."

"तू तिची बहीण ना?" बाबा म्हणाले. "मग तिला विसावा घेताना कधी पाहिलंस?"

त्यांनी त्या दुधाचे चार पेले भरले. आम्ही प्यालो. दूध अजून कोमट होतं. एवढा वेळ होऊनही. मग ऑर्लिनने सुरुवात केली, आई पत्त्यांत पाद्रीबाबांना कशी फसवायची त्याची नक्कल, आणि आम्ही हसून हसून आडवे झालो. मावशीसुद्धा. आईच्या निरोपाच्या दिवशी शेजाऱ्यांनी आमचं ते हसणं ऐकलं असतं तर काय म्हणाले असते! पण हसणं तिचंच होतं, ते घरात नको असं कोण म्हणणार?

सकाळी वारा पडला. लख्ख ऊन. मी गोठ्याकडे जायला दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबले.

आमच्याकडे वादळानंतर एक होतं. पाऊल पडतं तिथला बर्फ दबून घट्ट होतो, आणि मग वारा भोवतालचा भुसभुशीत बर्फ खरवडून नेतो. पावलांचे खड्डे राहत नाहीत, उंचवटे राहतात. सगळी वाट उभी राहते, कोण कुठून कुठे गेलं ते वाचता येतं.

ऑर्लिनची वाट दिसत होती, मोठ्या बुटांची, वेडीवाकडी, कुरणाच्या कुंपणापर्यंत. माझी होती. आमची परतीची होती. आणि लहान पावलांची आणखी एक होती. चर्चकडून येणाऱ्या रस्त्याने सरळ कुंपणापाशी आलेली. तिथून ऑर्लिनच्या पावलांना अगदी लगटून गोठ्यात, आणि मध्येच एकदा माझी दोरी संपली तिथवर येऊन पुन्हा गोठ्याकडे वळलेली.

"बाबा," मी हाक मारली. "बाबा, जरा या इकडे."

ते काठी टेकत आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी ती वाट पाहिली, सावकाश, पहिल्यापासून. गोठ्यातून ती पुन्हा बाहेर पडली होती, अंगण ओलांडून आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर चढली होती, आणि मी उभी होते त्या उंबऱ्याशी संपली होती.

परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

बाबांनी मागे वळून आत, स्वयंपाकघरात पाहिलं, मला आत बोलावलं आणि हळूच दार लोटून घेतलं.